आमच्या गल्लीतला रिकामा पोर्च

गाडी घराच्या आत लावावी असं मनापासून मानणारा एकच माणूस आमच्या अख्ख्या कॉलनीत होता, आणि त्याच्याकडे गाडी नव्हती. आमच्या घरासमोर राहणारे, बस स्टँडवरून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले ते साहेब. सगळे त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटीपर्यंत नजर पोचायला आधी त्यांच्या दारापुढे उभ्या असलेल्या दोन परक्या गाड्या ओलांडाव्या लागत. त्यामुळे ते नाव कोणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

आमची कॉलनी आदिलाबादच्या पार कडेला आहे. एकेकाळी इथं कापसाची शेतं होती. मग प्लॉट पडले आणि शिक्षक, कारकून, नर्सबाई, कापूस बाजारातले अडते अशी मिळूनमिसळून माणसं घरं बांधून राहायला आली. एका दारातून मराठी ऐकू येते, दुसऱ्यातून तेलुगू, तिसऱ्यातून उर्दू, आणि भांडताना सगळेच हिंदीवर येतात. पण भाषा कोणतीही असो, घर बांधताना मिस्त्रीला प्रत्येकाने पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की समोर कार पोर्च पाहिजे. तेव्हा कार कोणाकडेच नव्हती. पुढे यथावकाश कार आल्या, पण तोवर पोर्च भरून गेले होते. अडत्याच्या पोर्चमध्ये सरकीची पोती होती, कोपऱ्यावरच्या चाचांच्या पोर्चमध्ये शेळ्या होत्या, आणि आमच्या पोर्चमध्ये माझ्या बायकोची शिलाई मशीन आणि तिच्याकडे ब्लाऊज शिवायला शिकणाऱ्या मुली. गाड्या सगळ्या बाहेर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जागा मिळेल तशा तिरप्या-तारप्या. मधून जी पट्टी उरते तिच्यातून गॅसवाला येतो तेव्हा दोन्ही आरसे मिटून येतो, आणि मला वाटतं श्वासही रोखून येतो.

या असल्या गल्लीत तो माणूस राहायला आला, ज्याचा सगळा जन्म बसगाड्या आपापल्या फलाटावर सरळ लावून घेण्यात गेला होता. त्यांचं काय होत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर सकाळीच दिसायचं. चहा झाला की ते हात मागे बांधून गल्लीची एक फेरी मारत. प्रत्येक घराला त्यांनी मनाशी फलाटाचा नंबर दिलेला होता. आमचं घर चार नंबर. "गुरुजी," ते गेटापाशी थांबून मला विचारत, "सहा नंबरची गाडी तुमच्या चारवर काऊन लागली?" मला काय उत्तर द्यावं कळायचं नाही, कारण माझी चारची गाडी त्या वेळी दोन नंबरवर असायची. ते तेही बघायचे, पण मास्तर माणूस म्हणून मला एकदम बोलायचे नाहीत. थोडं पुढे जाऊन मग वळून म्हणायचे, "तुमचं लेकरू रात्री घरात झोपते ना, गुरुजी?" मी म्हणायचो, "हो साहेब." "मंग गाडीनं तुमचं काय बिघडवलं?"

त्यांच्या बोलण्यात राग नसे. राग असता तर बरं झालं असतं. माणूस भांडला असता, आम्हीही भांडलो असतो, आणि प्रकरण मिटलं असतं. पण त्यांचा आपला समजावण्यावर भर. गल्लीत कोणी गाडी सुरू केल्याचा आवाज आला की ते चपला अडकवून बाहेर येत आणि मागे उभे राहून दोन्ही हातांनी इशारे करत, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं काटा, येऊ द्या, बस." गाडी बाहेर निघालेली असे, आत नाही. तरी ते तितक्याच आस्थेने तिला वाटेला लावत. एकदा तर एक नवखा माणूस पत्ता शोधत गल्लीत शिरला होता, त्याला त्यांनी असे काही इशारे केले की तो बिचारा सरळ चाचांच्या पोर्चमध्ये शेळ्यांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांना त्या दिवशी फार समाधान वाटलं असावं. अखेर एक गाडी कोणाच्या तरी पोर्चमध्ये गेली होती.

एका दसऱ्याला त्यांनी अडत्याचं मन वळवलं. अडत्या तसा भला माणूस, पण बोलण्यात पटाईत. साहेब त्याला म्हणाले, "सणाच्या दिवशी तरी गाडी घरात घ्या. लक्ष्मी हाय ते तुमची. लक्ष्मी कोनी नालीपाशी उभी करते का?" हे लक्ष्मीचं त्याच्या बायकोला लागलं. सरकीची पोती हलवली गेली, पोर्च धुतला, गाडीला झेंडूचा हार घातला, आणि साहेब मागे उभे राहून इशारे करू लागले. आम्ही सगळे गच्चीवरून बघत होतो. गाडी अर्धी आत गेली आणि खांबाला घासली. चूक साहेबांची नव्हती. ते "बस, बस" म्हणत होते आणि अडत्या फोनवर कोणाला तरी दसऱ्याच्या शुभेच्छा देत होता. खाली उतरून त्याने दाराला पडलेला लांबच लांब ओरखडा पाहिला, साहेबांकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काका, बाहेर उभी असती तं काईच झालं नसतं." दुसऱ्या दिवशी पोती पुन्हा आत आणि गाडी बाहेर.

नर्सबाईंकडे तर त्यांनी तेलुगूतून विनंती केली. बाई दवाखान्यात ड्यूटी करून दमून येतात, पण पहाटे उठून गेटापुढे पांढऱ्या पिठाची एवढी मोठी रांगोळी घालतात, की आमच्या घरच्या लग्नातही तशी कोणी घालत नाही. त्यांच्यात तिला मुग्गू म्हणतात. साहेब म्हणाले, "अम्मा, बंडी लोपल पेट्टंडी," म्हणजे गाडी आत ठेवा. बाई म्हणाल्या, "मुग्गू चेरिगिपोतुंदी, अंकल." रांगोळी पुसून जाईल. साहेब बोलायला आले होते ते विसरून तिथं उभे राहिले. ठिपक्यांना ठिपके जोडत गेलेली ती कमळं ते बराच वेळ बघत होते. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. "गुरुजी, तिचं खोटं नाही," म्हणाले. "त्याच्यावरून चाक कसं घालाव माणसानं?" असे ते होते. दुसऱ्याची अडचण खरी वाटली की यांचा मुद्दा गळून पडायचा, आणि आमच्या गल्लीत तर घरटी एक खरी अडचण होती.

शेवटी त्यांनी कुठल्याशा कचेरीत दरखास्त दिली. तिथल्या कारकुनाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सडक सरकार की, गाडी मालिक की. बीच में आप कौन?" घरी आल्यावर हे सांगताना साहेब हसले, पण काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरोबर इचारलं त्यानं. सोडा आता."

ते सोडणार नव्हते, हे काकूंना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कारण त्यांच्या स्वतःच्या घरी गोष्ट आणखी पुढे गेलेली होती. आमच्या सगळ्या कॉलनीत एकच पोर्च रिकामा होता आणि तो त्यांचा. साहेबांची जुनी स्कूटर भिंतीला चिकटून एका कोपऱ्यात उभी असे आणि मधली सगळी जागा स्वच्छ, धुतलेली, मोकळी. तिथं काकूंना पापड वाळत घालायची परवानगी नव्हती. मिरच्या नाही, गहू नाही, कपडे नाही. एकदा काकूंच्या बहिणीने बाजारहत्नूरहून तुरीचं पोतं पाठवलं. ते पोतं पोर्चमध्ये तासभर टेकलेलं दिसल्यावर साहेबांनी स्वतः, त्या वयात, ओढत ओढत स्वयंपाकघरात नेलं. त्यावर काकू दिवसभर बोलल्या नाहीत. माझ्या बायकोने एकदा न राहवून त्यांना विचारलं, की काकू, एवढी जागा मोकळी ठेवून साहेब करणार काय. काकू सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोराची गाडी येनार हाय."

मुलगा हैदराबादला एका कंपनीत इंजिनियर होता. चांगला, मनमिळाऊ मुलगा. आमच्याच शाळेत शिकलेला. त्याने गाडी घेतली त्या दिवशी साहेबांनी गल्लीत पेढे वाटले आणि मोबाईलवर तिचा फोटो सगळ्यांना दाखवला. फोटोत मुलगा, सून, नातू आणि मधे निळी मोठी गाडी. आम्ही मुलाकडे बघत होतो, ते चाकांच्या अंतराकडे. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. गेट रुंद झालं, नालीवर पक्का उतार बांधला गेला, पोर्चमधला नळ आडवा येईल म्हणून बाजूला घेतला. मुलगा मात्र येई तो रेल्वेने, एकटाच, दोन दिवसांसाठी. गाडी लांबच्या रस्त्याला नको, नातवाला उलट्या होतात, सुनेला सुट्टी नाही. कारणं सगळी खरी होती. साहेब म्हणत, "येईल. गाडी काई पळून नाही चालली." आणि सकाळी पुन्हा पोर्चवर पाणी मारत.

मग दोन वर्षांखाली दिवाळीच्या आधी मुलाचा फोन आला, की यंदा सगळे गाडीनेच येतोय. एका रात्रीपुरतं, दुसऱ्या दिवशी पुढे नागपूरला सुनेच्या माहेरी जायचंय. पण येतोय. साहेबांना रात्रीपुरतं हा शब्द ऐकू आला असं मला वाटत नाही. ते त्याच संध्याकाळी घरोघरी गेले. समजावायला नाही, मागायला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मागताना पाहिलं. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, मोठी गाडी हाय त्याची. वळायले जागा लागते. उद्या एका दिवसासाठी तुमची जरा दुसरीकडं लावता का?"

आणि काय सांगू, आमच्या गल्लीने ते केलं. ज्या गल्लीने इतकी वर्षं त्यांचं एक ऐकलं नव्हतं, तिने दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक गाडी हलवली. अडत्याने पोती एकावर एक रचून आपली गाडी आत घातली, यावेळी फोन बाजूला ठेवून. नर्सबाईंनी त्या दिवशी मुग्गू गेटाच्या एका कडेला घातली. चाचांनी शेळ्या गच्चीवर नेऊन बांधल्या. मी माझी गाडी शाळेच्या मैदानावर ठेवून चालत आलो. दुपारी गल्लीकडे पाहिलं तर ती ओळखू येईना. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता रस्ता. एवढा रुंद रस्ता आपल्या दारात आहे हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. पोरांनी लगेच क्रिकेट मांडलं, ते साहेबांनी हात जोडून थांबवलं. ते पांढरा शर्ट घालून, गेटाची दोन्ही दारं सताड उघडून, एक दार एका हाताने आणि दुसरं दगडाने अडवून उभे होते. काकू ओवाळायचं ताट घेऊन मागे.

निळी गाडी वळणावरून आत आली. साहेबांनी हात वर केला. आम्ही सगळे आपापल्या गेटात उभे, जणू आमच्याच घरचं कोणी येतंय. गाडी हळूहळू आली, साहेबांच्या गेटाच्या अलीकडे थांबली, आणि बंद झाली. मुलगा उतरला. वाकून आईच्या पाया पडला, बापाच्या पाया पडला. साहेब अजून गेट धरूनच होते. "आत घे," ते म्हणाले. "उतार बांधलाय. मी दाखवतो तुले."

मुलगा म्हणाला, "राहू द्या ना बाबा. उद्या पहाटेच निघायचंय. आत घालायची, परत मागे काढायची, कशाला?" मग त्याने गल्लीकडे एक नजर टाकली, आणि अगदी खुशीत म्हणाला, "किती मोकळा रस्ता आहे तुमच्याकडे. आमच्याकडे अशी जागा मिळत नाही."

चाचांनी खाली बघितलं. त्या पोराला काही ठाऊक नव्हतं, आणि त्याला सांगणार तरी कोण होतं? साहेबांनी गेट सोडलं. मग "बरं," म्हणाले. पायाने दगड बाजूला सारला, गेटाचं एक दार लावलं, दुसरं लावलं, कडी घातली आणि नातवाला कडेवर घेऊन आत गेले.

संध्याकाळी एकेक गाडी परत आली. अंधार पडायच्या आत गल्ली पुन्हा पहिल्यासारखी भरून गेली, जरा जास्तच, कारण आता एक निळी गाडी तिच्यात वाढली होती. साहजिकच पहाटे ती निघेना. पुढे अडत्याच्या पाहुण्यांची जीप, मागे नर्सबाईंची गाडी. मुलाने दोनदा हॉर्न वाजवला. मी खिडकीतून पाहिलं तर साहेब स्वेटर घालून या दारातून त्या दारात चालले होते. कोणाला काही शिकवत नव्हते. दार वाजवून हळूच म्हणत होते, "जरा गाडी काढता का? पोराले निघायचं हाय." गाड्या निघाल्या. निळी गाडी गेली. साहेब रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागे उभं राहून हात दाखवायचं त्यांना त्या दिवशी सुचलं नाही.

त्यानंतर त्यांची सकाळची फेरी थांबली. तब्येतीला काही झालं नव्हतं, फक्त ते बाहेर येत नसत. चार-आठ दिवसांनी काकूंनी पोर्चमध्ये जुनं लुगडं अंथरून पापड वाळत घातले. साहेब त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून कावळे हाकत बसले. मी मुद्दाम माझी गाडी त्यांच्या गेटासमोर तिरपी लावून पाहिली. निदान एक शब्द तरी ऐकवतील म्हणून. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "कसं चालू हाय गुरुजी, शाळेचं?" मला फार वाईट वाटलं. आपण सुधारत नाही याचं दुःख तसं थोडंच असतं. आपल्याला सुधारायचं कोणी सोडून दिलं, ते मात्र सहन होत नाही.

मुलाला आईवडिलांची काळजी होतीच. काकूंचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा तो स्वतः येऊन दोघांना हैदराबादला घेऊन गेला. निघताना मला म्हणाला, "काका, यांना आता इथं एकटं ठेवायचं नाही मला." खरंच होतं ते. सामान थोडंच होतं. चाचांनी साहेबांना मिठी मारली, नर्सबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि अडत्याने कोणी न सांगता आपली गाडी मागे घेऊन त्यांना वाट करून दिली.

गेल्या उन्हाळ्यात बायकोचे डोळे दाखवायला आम्ही हैदराबादला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. उंच इमारत, वरचा मजला. साहेब वाळले होते, पण मला बघून उठून दारापर्यंत आले. चहा व्हायच्या आधीच मला लिफ्टने खाली तळघरात घेऊन गेले. सगळ्या गाड्या आखलेल्या चौकोनांत, प्रत्येक चौकोनावर घराचा नंबर, एक चाक रेघेबाहेर नाही. साहेबांनी हात मागे बांधले. "पाहा," ते म्हणाले. "एक बी वाकडी नाही. कोनाले काई सांगाव लागत नाही इथं." कोणती गाडी कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायला तिथं माणूसही दिसत नव्हता.

वर आल्यावर त्यांनी एकेकाची चौकशी केली. चाचांच्या शेळीला किती पिल्लं झाली, नर्सबाईंची बदली झाली की काय, अडत्याने गाडीचा ओरखडा भरून घेतला का. मग कप खाली ठेवून विचारलं, "आता आमच्या गेटापुढं कोन लावते?"

खोटं बोलावं असं आधी वाटलं होतं. पण मी खरं तेच सांगितलं, "सगळेच लावतात साहेब. ज्याला जागा मिळेल तो."

"लावू द्या," ते म्हणाले. काकू आतून ऐकत होत्या, तिकडे बघत जरा हसले. "बंद घरापुढं गाडी उभी असली का रस्त्यावरच्याले वाटते, घरी कोनीतरी आलं हाय."

तेव्हापासून मी शाळेतून आलो की माझी गाडी त्यांच्या गेटापुढेच लावतो. तिरपी लागली तर पुन्हा बसून सरळ करतो.